गावातली ऐरण

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘स्वावलंबन’ हा विषय दिला, तेव्हा सूतकताई, सेंद्रिय शेती, बचत गट ही नेहमीची चित्रं आधी समोर आली. ती खोटी नाहीत. पण खेड्यात काम अडतं ते बहुतेकदा लोखंडापाशी. ट्रॉलीचा हूक तुटतो, कुळवाची पास झिजते, विहिरीतल्या मोटरीचा फुटवाल गळतो, हापसा नुसताच खडखडतो. अशा वेळी गावात कोणीतरी असा लागतो, ज्याला लोखंड तापवता, वाकवता, जोडता येतं. तो नसला तर माणूस तालुक्याला जातो, त्याचा दिवस मोडतो आणि तोवर रानातला वाफसा निघून गेलेला असतो. म्हणून या विषयाच्या मागे जायचं तर लोखंडाच्या मागे जावं असं ठरवलं आणि सुरुवात बीड जिल्ह्यातल्या एका भट्टीपासून केली.

कोयत्याचा हंगाम

दसऱ्याच्या आगेमागे इथल्या लोहारांना मान वर करायला सवड नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर ठरलेला असतो आणि निघण्याआधी कोयते घडवून, पाजवून घ्यायचे असतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ असंच मोजतात. चार-पाच महिन्यांची सगळी कमाई त्या पात्यावर असते, त्यामुळे कोयता घेताना माणूस जितका चिकित्सक होतो तितका मोबाइल घेतानाही होत नाही. पातं बोटाच्या नखावर घासून बघतो, ऐरणीवर हलकं आपटून आवाज ऐकतो, मूठ धरून मनगट फिरवतो.

भट्टी पत्र्याच्या छपराखाली होती आणि तीन बाजूंनी तरटं बांधून आत मुद्दाम अंधार केलेला होता. चामड्याचा भाता केव्हाच गेला, त्याच्या जागी विजेचा ब्लोअर आहे. शेजारी हाताने फिरवायचा पंखाही ठेवलेला, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. लोहारमामांनी भंगारवाल्याकडून वजनावर आणलेला ट्रकच्या कमानीचा पाटा काढला आणि छन्नीने त्याचे तुकडे पाडायला घेतले.

“सळईचा नाही का होत कोयता?” मी विचारलं.

“होतोय की. पण दोन दिवस ऊस तोडला की धार वळती. ताई, पाट्याला पाणी बसतंय, सळईला बसत नाही.”

मामांच्या या एका वाक्यात धातुशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. बांधकामाच्या किंवा ग्रिलच्या साध्या लोखंडात कार्बन फार थोडा असतो, पाव टक्क्याच्या आसपास. ते वाकतं, जोडलं जातं, पण तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. कमानीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. लाल तापवून झटकन थंड केलं की त्याची आतली रचना बदलते आणि ते काचेसारखं कडक, पण तितकंच ठिसूळ होतं. असा कोयता उसाच्या बुडख्यावर पहिल्या घावाला तुकडा पाडेल. म्हणून तो कडकपणा थोडा काढून घ्यावा लागतो आणि लोहाराचं खरं कसब तिथे लागतं.

मामांनी पातं पूर्ण घडवलं, धारेकडची बाजू हातोड्याने पातळ केली आणि राखेत पुरून सावकाश निवू दिलं. मग कानस मारली. मग पुन्हा भट्टीत. इथे अंधाराचं कारण कळतं. लोखंड किती तापलं हे रंगावरून ओळखायचं असतं आणि उन्हात रंग फसवतो. मामांनी मध्येच पातं बाहेर काढून सुतळीला टांगलेल्या चुंबकाजवळ नेलं. चुंबक ओढत होता. पुन्हा भट्टीत घातलं, पुन्हा काढलं. आता चुंबक हललाच नाही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं आणि पाणी द्यायला लागणारी उष्णता त्याच्या थोडीच पुढे असते. मामांनी हा चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेला आहे. हे त्यांना कोणी शिकवलं, तर चुलत्यांनी. चुलत्यांना कोणी शिकवलं ते त्यांना ठाऊक नाही.

धारेचा बोटभर भाग तेवढा पाण्यात गेला. पाठ लालच राहिली. मामांनी लगेच धारेवर विटेचा तुकडा घासून ती चकचकीत केली आणि आम्ही दोघं वाकून बघू लागलो. पाठीतली उष्णता धारेकडे सरकत होती आणि तिच्यासोबत रंग चालत येत होते. आधी फिकट पिवळा, मग गवताच्या काडीसारखा, मग तपकिरी, त्यामागून जांभळा. पिवळा दिसतो तेव्हा धार सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते, निळा दिसतो तेव्हा तीनशेच्या. कानशीला पिवळा चालेल, स्प्रिंगला निळा लागेल. कोयत्याला कडकपणाही हवा आणि दणका सोसायची ताकदही, म्हणून जांभळा धारेला टेकला रे टेकला की मामांनी अख्खं पातं पाण्यात सोडलं. एवढं सगळं व्हायला एक मिनिटही लागलं नाही. ते मिनिट चुकलं तर कोयता वाया.

मामांचा मुलगा चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. पगार वेळेवर होतो, बापाला त्याचं समाधान आहे. पण रंगांची ही चाल त्याला येत नाही आणि पंचक्रोशीत ती येणारा दुसरा कोणी आता उरलेला नाही.

बलुत्यानंतर

पूर्वी लोहाराला सुगीत धान्य मिळायचं आणि त्या बदल्यात वर्षभर फाळ शेवटणं, विळे-खुरपी पाजवणं, गाडीच्या चाकाला धाव चढवणं ही कामं तो करायचा. या बलुत्याचं गुणगान मला करायचं नाही. जन्मावरून धंदा ठरत होता, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर होता आणि बलुतेदाराच्या पोराला दुसरी वाट नव्हती. ती व्यवस्था मोडली हे बरंच झालं. पण तिच्यासोबत दुरुस्तीची गावातली हमीही गेली आणि तिच्या जागी काय उभं करायचं याचा विचार फार थोड्यांनी केला.

ती पोकळी काही काळ घिसाड्यांनी भरली. गावाबाहेर पाल टाकायचं, जमिनीत छोटी ऐरण रोवायची, खड्ड्यात भट्टी पेटवायची आणि आठ-पंधरा दिवसांत गावाची अवजारं करून पुढच्या गावाला निघायचं, असं त्यांचं जगणं. त्यांच्यात घण बायका मारतात. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरून लहान हातोडीने जागा दाखवतो, बाई त्याच जागेवर घण उतरवते. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. एक शब्द न बोलता हे तासभर चालतं. महाराष्ट्राच्या यादीत घिसाडी भटक्या जमातींत मोडतात. मी ज्या कुटुंबाजवळ बसले, त्यांच्याकडे तीन पिढ्यांचं कसब होतं, पण राहण्याचा पुरावा नव्हता. त्यामुळे पोरांचे दाखले अडलेले. राज्याला कौशल्य विकासाची इतकी काळजी आहे, तर ज्यांच्या हातात कौशल्य आधीच आहे त्यांना निदान एक कायमचा पत्ता मिळायला हवा.

कुंडलजवळचा माळ

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, ती ही. त्याआधी त्यांनी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं होतं, बेळगावात सायकली विकल्या-दुरुस्त केल्या होत्या, कडबा कापायची यंत्रं बनवली होती. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर काढला. तो विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे मराठी वाचकांना माहीत आहे.

या गोष्टीत शेतकऱ्याला अडाणी ठरवून आपण पुढे जातो, ते मला पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुसरा करून देत होता. ओतीव लोखंडाचा नांगर तडकला तर गावात त्याला हात लावणारा कोणी नव्हता. भीती विषाची म्हणून सांगितली गेली असेल, पण ज्याची दुरुस्ती आपल्या हातात नाही ते अवजार नांगरटीच्या दिवसांत घरात आणायचं कसं, ही शंकाही त्यामागे असणार असं मी धरून चालते. नांगर शेवटी पसरला, कारण लाकडी नांगरापेक्षा तो खोल जात होता, आणि लागणारा भाग जवळच्या बाजारपेठेत मिळू लागला की शंका मिटत जाते. यंत्र खेड्यात रुजतं की गंजतं, हे त्याच्या सुट्या भागांवर ठरतं. हे शंभर वर्षांपूर्वी जितकं खरं होतं तितकंच आजच्या सौरपंपाबाबत खरं आहे.

सोलापूरचा हापसा

याच प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात सापडलं आणि त्याची आठवण आपल्याकडे जवळपास पुसली गेली आहे. ते उत्तर म्हणजे गावोगावचा हापसा.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काळ्या कातळात खोल भोक पाडणारी, दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं आली आणि बोअर शक्य झाले. पाणी लागलं, पण त्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप टिकेनात. ते पंप मुळात परदेशातल्या एकेका शेतघरासाठी आखलेल्या पंपांच्या नकला होते. दिवसातून चार-दोन बादल्या काढणाऱ्या कुटुंबासाठी ते ठीक होते. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वस्ती दांडा हाणत होती. दांड्याची खीळ झिजायची, दांडा डुगडुगायचा, आतली सळई तिरकी ओढली जाऊन तुटायची आणि ओतीव डोकं तडकायचं. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारातले तीन पंप बंद पडलेले आढळले. महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळातून नुकता बाहेर पडत होता. पाणी जमिनीखाली होतं, खर्च झालेला होता आणि माणसं पुन्हा कोसभर चालत होती.

जालना आणि सोलापूर इथे बोअरचं काम करणाऱ्या मिशनच्या वर्कशॉपांमध्ये यावर डोकं लावलं गेलं. ओतीव लोखंड टाकून पंपाचं डोकं पोलादी पत्रा आणि नळ्या वेल्डिंग करून बनवलं. खिळीच्या जागी बंदिस्त बॉल बेअरिंग घातलं. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी कमान जोडली आणि तिच्यावरून साखळी सोडून तिला सळई टांगली. दांडा कसाही वर-खाली होवो, साखळी कमानीवर लपेटली जाते आणि सळई सरळ उभीच ओढली जाते. तिरका ताण गेला, झीज गेली. पुढे याच कल्पनेवर युनिसेफ, सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने मिळून ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध केला. त्याची रचना कोणाच्या मालकीची ठेवली नाही, कोणीही बनवावा अशी मोकळी सोडली. साध्या कारखान्यात बनेल अशीच तिची आखणी होती. हा पंप पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. आपल्या शाळेच्या आवारातल्या हापशाचं झाकण उघडून बघा, ती साखळी तिथे आहे.

पण मार्क टूमध्येही एक अडचण राहिली. ती बघायला मी एका पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकासोबत गेले. पंप चालत होता, पाणी येत नव्हतं. पथकातले दादा दांडा दोनदा मारूनच म्हणाले, “वायसर गेलं.” जमिनीखाली खोलवर पितळी अस्तराच्या नळकांड्यात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला कपाच्या आकाराचं वायसर. पूर्वी ते चामड्याचं असे, आता रबराचं. ते काढायचं तर वरपासून खालपर्यंतचे सगळे पाइप उपसावे लागतात. तीन-तीन मीटरचा एकेक पाइप क्लॅम्पमध्ये धरायचा, पान्याने उकलायचा, बाजूला मांडायचा. दोन गडी घामाघूम झाले तेव्हा कुठे नळकांडं वर आलं. वायसर बोटाने दाबताच चुरा झालं. तळहातावर मावेल एवढ्या त्या चकतीपायी वस्ती कित्येक दिवस टँकरची वाट बघत होती.

नंतर आलेल्या मार्क थ्रीमध्ये उभा पाइप इतका रुंद केला आहे की पाइप न उपसता दट्ट्या आतूनच वर ओढून घेता येतो. दोन-तीन पाने आणि गावातली दोन माणसं पुरतात, पथकाची वाट बघावी लागत नाही. यंत्र आखतानाच ते कोण दुरुस्त करणार याचा विचार केला की काय होतं, याचा हा नमुना आहे. तरीही बहुतेक गावांत मला वायसरचा जादा जोड ठेवलेला दिसला नाही. घरोघरी नळ येणार म्हणून हापसा दुर्लक्षित होतो. नळाला वीज लागते, हापशाला लागत नाही, एवढ्या एका कारणासाठी तरी तो चालता ठेवला पाहिजे.

पाबळची कार्यशाळा

शिरूर तालुक्यातलं पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचं गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खेड्यातलं मूल घरी शेकडो कामं करत शिकतं आणि शाळेत गेल्यावर त्याला हात बांधून बसवतात. हाताने काम करतच विज्ञान शिकवलं तर ते कळेलही आणि गावाच्या उपयोगीही पडेल. वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग आहेत आणि प्रत्येकाने सगळ्यांतून जायचं. दहावीची पायरी न चढलेली मुलंही इथे येतात.

कार्यशाळेत लोखंडी अँगलची चौकट कशी जोडतात हे नीट बघण्यासारखं असतं. चारही तुकडे मापात कापायचे, जमिनीवर मांडायचे, गुण्या लावायचा. मग कोपऱ्यांवर नुसते टाके मारायचे, सलग वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि चौकट आपल्याकडे ओढून घेतं. म्हणून टाके मारल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. फळ्यावर तीन वर्षं घोकून न कळलेला पायथागोरस इथे पंधरा मिनिटांत कळतो, कारण चूक झाली तर दार बसत नाही. नंतर त्याच वस्तूचा हिशेब मांडायचा. अँगल किती किलो लागला, रॉड किती जळले, वीज किती, मजुरी किती. हा हिशेब मला वेल्डिंगइतकाच महत्त्वाचा वाटतो. गावातले कितीतरी चांगले कारागीर कसबात कमी पडत नाहीत, किंमत लावताना बुडतात.

आश्रमात जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनला, जमिनीखालचं पाणी शोधायचं उपकरण बनलं, त्रिकोणी जाळीच्या घुमटांची घरं बनली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकारातून तिथे फॅब लॅब आली आणि ती अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. लेझरने कापणारं यंत्र आणि ऐरण एकाच आवारात नांदू शकतात, हे पाबळने दाखवलं. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, काम सुरू आहे.

माझ्या मते पाबळचं सर्वांत मोठं काम म्हणजे त्याचा शाळांमध्ये गेलेला भाग. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस वर्गाबाहेर काम करायचं आणि त्यातून शाळेची, गावाची खरी दुरुस्ती करायची. बाक जोडायचे, नळ बसवायचे, अर्थिंग करायचं. जिथे हे चालतं तिथे मुलीही ग्राइंडर धरतात. बलुत्याने जे एका जातीत कोंडलं होतं, ते इथे सगळ्यांच्या हातात येतं. महाराष्ट्रातल्या हजारो माध्यमिक शाळांपैकी थोड्याच शाळांत हे आहे, याचं मला मनापासून दुःख आहे.

घरामागची शेड

कोणी न शिकवता शिकणारेही खूप आहेत. सिंगल फेजवर चालणारं, एका हाताने उचलता येणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आल्यापासून गावोगावी घरामागे शेड दिसतात. बागायतदार, निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक, दूध घालून रिकामे झालेले तरुण. पोटासाठी करत नाहीत, आवड म्हणून करतात. भंगारातल्या सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घेऊन त्याला पास जोडलेलं सायकल कोळपं तुम्ही पाहिलं असेल. ते कुठल्या कंपनीने बाजारात आणलेलं नव्हतं. अशाच शेडमधून ते तयार झालं आणि एकाने केलेलं बघून दुसऱ्याने केलं.

अशाच एका शेडमध्ये शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या गुरुजींनी मला बसवून घेतलं आणि आधी धोके सांगितले. ते इथे लिहायलाच हवेत. काच न लावता नुसती नजर चुकवून टाका मारायची सवय वाईट. त्या वेळी काही होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि माणूस तळमळतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. बंद खोलीत तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो. लेप आधी घासून काढायचा आणि वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं. ओल्या जमिनीवर, ओल्या चपलेने होल्डर धरायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डिझेल, पेट्रोल, थिनर यांचा रिकामा पिंप कधीही कापायला घ्यायचा नाही. पिंप रिकामा दिसतो, आत वाफ असते, आणि ठिणगी पडली की स्फोट होतो.

“आमच्याकडं पोरं यूट्यूब बघून शिकतात,” गुरुजी म्हणाले. “हात चांगला बसतो त्यांचा. पण काच कुणी दाखवत नाही, अर्थिंग कुणी दाखवत नाही. तेवढं मी दाखवतो.” त्यांच्या शेडच्या दारात तीन जादा काचा टांगलेल्या होत्या, येणाऱ्या कोणासाठीही.

३ जूनची दुपार आणि इतर

‘आपत्तीची तयारी’ हा शब्द सरकारी कागदात फार वेळा येतो. तो जमिनीवर काय असतो ते कोकणात कळलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले आणि काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. रस्त्यावरची झाडं पहिल्यांदा कापली ती गावकऱ्यांनी, घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडींनी. ज्यांच्याकडे चेनसॉ होती त्यांच्यातल्या काहींची चेन बोथट होती आणि कानस नव्हती.

पत्र्यांचं म्हणाल तर तिथल्या एका वेल्डरदादांनी छपरावर चढून दाखवलं. वारा छपराला खालून-वरून सारखा ढकलत नाही. कडा आणि आढ्याजवळ तो उचलतो. पण हूक लावताना आपण सगळीकडे सारख्याच अंतरावर लावतो, किंवा पैसे वाचवायला कडेला कमी लावतो. आता ते कडेला आणि आढ्याला हूक जवळजवळ घेतात आणि वाशांना भिंतीतल्या पट्टीशी जखडतात. खर्च थोडा वाढतो. हे ज्ञान त्यांना वादळाने दिलं आणि ते त्यांच्यापाशीच राहून उपयोग नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नव्हता. जेसीबी पायथ्याशीच राहिला आणि बचावाची माणसं चिखलातून चढून टिकाव-फावड्यांनी उकरत राहिली. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली गावं गाडली गेली, तेव्हाही पहिले काही तास शेजाऱ्याच्या हातातली पहार हेच यंत्र होतं. मोठी यंत्रणा येते, यायलाच हवी, पण ती येईपर्यंतचे तास गावाचे स्वतःचे असतात.

आणि ब्रह्मनाळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसं घेऊन निघालेली बोट उलटली. बोटीत तिला झेपणार नाहीत इतकी माणसं होती, कारण पाणी चढत होतं आणि दुसरी बोट नव्हती. ज्या तालुक्यात किर्लोस्करवाडीचं यंत्रग्राम उभं राहिलं, त्याच तालुक्यात माणसं एका बोटीअभावी गेली. हे लिहिताना मला कोणावर बोट ठेवायचं नाही. पण बोटींची संख्या, जॅकेटं, इंजिनाची देखभाल ही पावसाळ्याआधी करायची लोखंडाची, रबराची, तेलाची साधी कामं आहेत, आणि ती करणारा माणूस गावात हवा.

नंतर पूरपट्ट्यातल्या काही गावांना साहित्य मिळालं. एका गावात मी ते बघायला मागितलं. खोलीला कुलूप होतं, किल्ली ग्रामसेवकांकडे आणि ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगला. दुपारी खोली उघडली. जनरेटर होता, महिनोन्‌महिने सुरू केलेला नव्हता, टाकीतलं पेट्रोल उडून गेलेलं. दोर चांगला होता. शेजारच्या गावात मात्र तरुणांनी वेगळं केलं होतं. साहित्य ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यातल्या जाळीच्या कपाटात, बाहेरून दिसेल असं. किल्ल्या तीन, त्यातली एक नदीकाठच्या घरातल्या काकूंकडे, कारण त्या कायम घरी असतात. दर महिन्याच्या एक तारखेला जनरेटर दहा मिनिटं चालवायचा आणि वहीत सही करायची. जाळीचं कपाट गावातल्याच पोराने वेल्डिंग करून दिलं होतं, मजुरी न घेता.

खंडेनवमीला आपण अवजारांना हळद-कुंकू वाहतो. त्या दिवशी त्यांना तेल-पाणी करावं, मोडलेला दांडा बदलावा, बोथट पातं पाजवून ठेवावं. आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिथे एक हात वर करून विचारा: गावचं आपत्तीचं साहित्य कुठे आहे, ते शेवटचं कधी चालवून पाहिलं आणि किल्ली आत्ता कोणाकडे आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. त्याच सभेत हापशाच्या वायसरचे दोन जोड मागवण्याचा आणि शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत ऐरण, शिकंजा आणि वेल्डिंग मशीन बसवण्याचा ठराव मांडा. शिकवायला तुमच्याच गावातला एखादा लोहारमामा किंवा एखादे गुरुजी तयार होतील. त्यांना अजून कोणी विचारलेलं नसेल, तर तुम्ही विचारा.